दुसऱ्या भागातली आई

पहिला भाग मला आवडला, खोटं कशाला बोलू.
विषाचा पेला जरा जास्तच वेळ दाखवतात,
एझिन्वानीच्या डाव्या कानामागच्या
चार वेण्या घालून झाल्या माझ्या
तरी तो बापडा पितोच आहे.
पण मेला तेव्हा दुकानात कुणी बोललं नाही.
बाहेर मका भाजणारी ओयिरिदियासुद्धा
हातात चिमटा धरून दारातून वाकली होती.

पूर्ण डोक्याला सहा तास लागतात,
म्हणजे तीन भाग, वर जाहिराती.
एनुगूत नवीन आलेलं गिऱ्हाईक विचारतं, किती वेळ?
मी सांगते, राजवाडा जळेपर्यंत.

दुसरा भाग? जाऊ दे.
नुसतं पाणी घातलंय.
गाडी येते, वॉचमन फाटक उघडतो,
गाडी आत जाते, वॉचमन फाटक लावतो,
मग आठवतं, काहीतरी विसरलं,
वॉचमन फाटक उघडतो.
उझोदिन्मा म्हणतो, गाडी निर्मात्याची असणार,
पेट्रोल वसूल करतोय.
हा शेजारी मोबाईल दुरुस्त करतो,
पिक्चर अर्धा बघतो, मत पूर्ण देतो.
त्याच्या मते मेलेला भाऊ तिसऱ्यात परत येणार.
"प्रेत दाखवलं का? नाही ना? मग!"

एझिन्वानीला हलायला बंदी,
तरी मान वळवून म्हणते,
"पहिल्यातच संपवायला हवं होतं.
बाईनं दिवा मालवला ना, तिथंच."
सरळ बस, मी म्हटलं.
बोलत होती खरं.
वेणीलाही कुठंतरी गाठ मारावी लागते,
नाहीतर जोडत राहा खोटे केस
पार घोट्यापर्यंत.

आणि ती आई!
पहिल्या भागात गोल चेहऱ्याची, दातांत फट,
दुसऱ्यात तिच्या जागी कुणी भलतीच उंच बाई.
डोक्याला तोच निळा रुमाल, हातात तोच डाव.
पोरगा शहरातून येतो, पिशवी ठेवतो,
म्हणतो, आई, भूक लागली.
अडखळत नाही.
कॅमेराही अडखळत नाही.
काय हसलो आम्ही!
उझोदिन्मा स्टुलावरून पडायचा राहिला.
"पहिलीचे पैसे बुडवले असतील!"
"लग्न करून कॅनडाला गेली असेल!"
ओयिरिदिया म्हणाली, "भुकेनं आंधळं झालंय कार्टं."

मी कंगवा शोधत राहिले.
कंगवा माझ्याच केसांत खोचलेला.

न्सुक्काच्या घरी, मी आठ वर्षांची.
आईला जाऊन वर्ष होत आलेलं.
नाताळची सुट्टी संपवून मावशीकडून परतले
तर चुलीशी एक उंच बाई.
डोक्याला रुमाल. तो निळाच होता का
ते आता सांगता येत नाही,
या पिक्चरनं घोळ केलाय.
बाबा दारात उभे, घसा खाकरत,
काहीतरी सांगायच्या तयारीत.
त्यांना सांगावं लागू नये म्हणून
की खरंच भूक लागली होती म्हणून
मी पिशवी खाली ठेवली.

तेवढ्यात लाईट गेली.
सरदार तलवार उपसता उपसता काळा झाला.
जनरेटरमध्ये पेट्रोल नाही,
ते गेलं सगळं त्या फाटकातल्या गाडीत.
एझिन्वानी ओरडली, "मी काय अशी अर्धी घरी जाऊ?"
बस गं. मेणबत्ती आहे, मका आहे.

मग तिसरा भाग आम्हीच सुरू केला.
राजवाडा जाळायचा की नाही यावर भांडण,
ओयिरिदियाला वॉचमनचं लग्न हवंय,
भाऊ दोनदा जिवंत झाला, एकदा चुकून.
"आणि आईचं काय?" एझिन्वानीनं विचारलं.
"पहिली परत येईल बघ," उझोदिन्मा म्हणाला.

नको, मी म्हटलं.
उंच बाईनं काम वाईट नाही केलं.
रडता येत नाही तिला नीट, मान्य.
पण पोराला वाढताना बघितलंस का?
मासा ताटात ठेवायच्या आधी
काटे काढत होती, न बोलता,
आणि दिग्दर्शकानं काही ते सांगितलं नसणार.

मेणबत्ती जरा इकडे धर.